तीन विघे सात वसा म्हणजे नक्की किती? जुन्या मापांचं मीटरमधलं गणित

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच शेताचे चार आकडे फिरत होते. वडोदऱ्याजवळ डभोईच्या बाजूला आजोबांनी गायकवाडी काळात घेतलेला एक तुकडा आहे, वारस पाच, वाटणीचा विषय निघाला तर आधी जमीन किती आहे ते तरी कळायला हवं. आजीच्या पत्र्याच्या पेटीतून दस्तावेज निघाला, त्यात लिहिलंय तीन विघे सात वसा, वसा म्हणजे विघ्याचा विसावा भाग. पुण्याच्या चुलतभावाने तो आकडा कुठल्याशा वेबसाईटवर टाकला आणि लिहिलं, 8,473 चौरस मीटर. आत्याचं सासर सौराष्ट्रातल्या अमरेलीचं, तिने तिकडच्या हिशोबाने काढलं तर आले 5,423. धाकट्या भावाला पेटीतच जुना उतारा सापडला, त्यावर 1-38-12 असं होतं, त्याने ते 1.38 एकर समजून 5,585 काढले. आणि काकांनी आताचा ऑनलाईन सात-बारा काढला तर त्यात 0-79-67.

पुढे काय झालं ते सांगायला नको, प्रत्येक घरात हेच होतं. कोणाला वाटलं मधली जमीन कोणीतरी खाल्ली, कोणाला वाटलं तलाट्याने चूक केली, दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललंच नाही. मी बसून सगळे कागद समोर घेतले आणि हिशोब केला, तर शेतातली एक फूटसुद्धा जमीन कुठे गेलेली नव्हती. चौघांचे गुणाकार बरोबर होते, फक्त प्रत्येकाचा विघा वेगळा होता किंवा आकडा वाचायची रीत वेगळी होती.

हे आपल्या वडोदऱ्यात आता खूप घरांमध्ये चाललंय. बुलेट ट्रेन आणि एक्सप्रेस-वेसाठी जमिनी गेल्या, त्याची कागदपत्रं चौरस मीटरमध्ये. जंत्री म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा कमीत कमी दर, तो 15 एप्रिल 2023 पासून दुप्पट झाला, तोही चौरस मीटरमध्ये. आणि घरातले म्हातारे अजून विघ्यातच बोलतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

आधी फरशा मोजू

क्षेत्रफळ म्हणजे एवढंच, की ह्या जागेत एका ठरलेल्या साईजच्या किती फरशा बसतील. एक मीटर बाय एक मीटरची फरशी म्हणजे एक चौरस मीटर. एक फूट बाय एक फूटची म्हणजे चौरस फूट.

इथेच पहिली चूक होते. एका मीटरमध्ये 3.28 फूट, म्हणून लोक चौरस मीटरलाही 3.28 ने गुणतात. पण मोठ्या फरशीत छोट्या फरशा आडव्याही बसतात आणि उभ्याही, म्हणून 3.28 गुणिले 3.28, म्हणजे 10.76. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट झाले.

आपल्याकडे प्लॉट अजून वारात विकतात, तिथेही तेच. मंगळबाजारात कापड घेतो तो वार तीन फुटांचा, म्हणजे 0.9144 मीटर, पण जमिनीचा वार म्हणजे चौरस वार, त्यात नऊ चौरस फूट, म्हणजे 0.836 चौरस मीटर. शंभर वारचा प्लॉट 83.6 चौरस मीटरचा असतो. कोणी 91 सांगितला तर समजायचं की त्याने कापडाचा वार लावलाय.

विघा गावागावाला वेगळा कसा काय?

सेवउसळीची प्लेट म्हटलं की काय ते सगळ्यांना कळतं, पण एका लारीवरची प्लेट आणि दुसऱ्या लारीवरची प्लेट सारखी भरलेली असते का? विघ्याचं तसंच आहे. नाव सगळीकडे एक, आपण विघा म्हणतो, महाराष्ट्रात आणि इंदूरकडे बिघा म्हणतात, पण आत माल किती ते गाव ठरवायचं.

कारण सरळ आहे. मीटर नावाची एक ठरलेली पट्टी येण्याआधी जमीन मोजायची ती काठीने किंवा दोरीने, आणि काठी मोजायची हाताने. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. बघा, पद्धत एकदम पक्की आहे, पण सगळं शेवटी येऊन अडतं ते हात कोणाचा आणि मूठ कोणाची ह्यावर. काठी दोन बोटं लांब झाली तर बिघा मोठा झाला, आणि शेतसारा बिघ्यावर असेल तर शेतकऱ्याचा फायदा. काठी आखूड झाली तर त्याच शेतात जास्त बिघे भरले आणि सारा वाढला. त्यामुळे काठीची लांबी ही दरबाराचीही गरज होती आणि भांडणाचंही मूळ होतं.

उत्तरेत अकबराच्या वेळी ह्यावर बराच विचार झालेला दिसतो. तिथे आधी तागाच्या दोरीने मोजायचे, ती दोरी दवात ओली झाली की आकसायची, म्हणजे सकाळी मोजलं तर जमीन जास्त भरायची आणि दुपारी कमी. मग बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडून मोजणीची साखळी केली, तिला जरीब म्हणायचे. साठ गज लांब आणि साठ गज रुंद म्हणजे एक बिघा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीसुद्धा कोणीतरी बसून विचार केला होता की मोजायची वस्तूच बदलत राहिली तर गरीब माणसाला न्याय कसा मिळणार.

पुढे इंग्रजांनी अकबराचा तो गज, त्याला इलाही गज म्हणायचे, 33 इंचांचा धरला आणि उत्तरेत बिघा ठरवला 3,025 चौरस वारांचा, म्हणजे 2,529 चौरस मीटर. पण बंगालमध्ये त्यांनीच बिघा धरला 1,600 चौरस वारांचा, म्हणजे 1,338 चौरस मीटर. इंग्रजांचंच राज्य आणि एक बिघा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

गुजरातेत तर एवढी संस्थानं होती की विचारू नका. आज आपल्या वडोदऱ्याकडे विघा धरतात साडेतेवीस गुंठ्यांचा आणि सौराष्ट्रात सोळा गुंठ्यांचा. अमरेलीवरही गायकवाडांचंच राज्य होतं बरं का, तरी तिथला विघा काठियावाडीच राहिला. आत्याचं गणित तिच्या गावासाठी अगदी बरोबर होतं, फक्त शेत तिच्या गावात नव्हतं.

गुंठ्याला धरून चला

माझं सगळं म्हणणं खरं तर ह्या एका गोष्टीत आहे. विघ्यावरून थेट मीटरवर उडी मारू नका, मध्ये गुंठ्यावर पाय ठेवा. विघा बदलतो, आपल्याकडे गुंठा बदलत नाही. म्हणून जमिनीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच, की तुमचा विघा किती गुंठ्यांचा? ह्याचं उत्तर मिळालं की पुढे शाळेतला गुणाकार आहे.

गुंठा का बदलत नाही, तर तो साखळीवर बांधलाय. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमाराला जमीन मोजायची एक साखळी काढली, 66 फूट लांब, शंभर कड्यांची. गुंटर आणि गुंठा ऐकायला जवळचे वाटतात पण त्यांचं नातं काही नाही, गुंठा शब्द आपल्याच मातीतला आहे. तर हे 66 फूट म्हणजे 22 यार्ड, आणि 22 यार्ड म्हटलं की क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येकाला कळेल, ती पिचची लांबी. खरंच, पिच एक साखळी लांब असते. मोतीबागच्या मैदानावर एका स्टंपपासून समोरच्या स्टंपपर्यंत जेवढं अंतर, तेवढी गुंटरची साखळी.

आपल्या मुंबई इलाख्यात मोजणी झाली तेव्हा ह्याच्या अर्ध्या लांबीची साखळी वापरली, 33 फुटांची, आणि तिचे भाग पाडले सोळा, प्रत्येक भाग एक आणा. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे, गावातल्या माणसाला शिकवायला नको. ही साखळी लांब आणि ही साखळी रुंद, म्हणजे 33 बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट, हा झाला एक गुंठा. अर्धी पिच लांब आणि अर्धी पिच रुंद एवढा चौकोन डोळ्यासमोर आणा, बस. असे चाळीस चौकोन म्हणजे एक एकर.

ही पद्धत बसवली गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन अधिकाऱ्यांनी, 1835 च्या सुमाराला इंदापूर तालुक्यापासून. त्याआधी प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली मोजणी इतकी चुकीची निघाली होती की सगळं पुन्हा करावं लागलं. बडोदा संस्थानात 1880 च्या दशकात सयाजीरावांनी ह्याच धर्तीवर मोजणी सुरू केली, आणि ते काम दिलं एलियटसाहेबांकडे, जे लहानपणी महाराजांचे शिक्षक होते. आज आपल्या जुन्या उताऱ्यांवर एकर-गुंठे दिसतात ते ह्या मोजणीमुळे. लोकांनी मात्र तोंडातला विघा सोडला नाही, त्यांनी विघ्याला गुंठ्यात बसवून टाकलं आणि तिथून हे साडेतेवीस आणि सोळा पक्के झाले.

गंमत बघा, सोळा गुंठे म्हणजे चार साखळ्या लांब चार साखळ्या रुंद, पूर्ण चौकोन. उत्तरेतला तो 3,025 वारांचा बिघा बरोबर पंचवीस गुंठे येतो, पाच साखळ्या बाय पाच साखळ्या. आपला साडेतेवीस मात्र कुठल्याच चौकोनात बसत नाही. त्यावरून मला वाटतं की तो साखळीच्याही आधीच्या कुठल्यातरी गायकवाडी काठीची आठवण असणार.

आता आमचं शेत

एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. हा एकच आकडा पाठ करा.

वडोदऱ्याचा विघा, साडेतेवीस गुणिले 101.17, आले 2,377.5 चौरस मीटर. विघ्याचे वीस वसा, त्यामुळे एक वसा जवळजवळ 118.9 चौरस मीटर. गुजरातीत एखादी गोष्ट पक्की सांगायची तर वीस वसा म्हणतात, आपण सोळा आणे म्हणतो तसं, ते इथूनच.

तीन विघे सात वसा म्हणजे विसातले सात, म्हणजे 0.35, एकूण 3.35 विघे. इथे 3.7 लिहिलंत तर संपलं, तीन विघे चौदा वसा होतात. 3.35 गुणिले 23.5 म्हणजे 78.725 गुंठे, आणि त्याला 101.17 ने गुणलं की साधारण 7,965 चौरस मीटर.

आता पुण्याच्या भावाचा आकडा बघा. त्याच्या वेबसाईटने उत्तरेतला 2,529 मीटरचा बिघा धरला होता, म्हणून 8,473 आले. पाचशे मीटर, म्हणजे पाच गुंठे नुसते हवेतून आले. आत्याचा विघा 1,619 मीटरचा, म्हणून 5,423.

ह्या फरकाचा पैसा किती होतो ते पण बघा. सौराष्ट्राचा विघा आणि वडोदऱ्याचा विघा ह्यात 759 चौरस मीटरचा फरक आहे. समजा, नुसतं समजा, दर हजार रुपये मीटर आहे, तर एका विघ्यामागे साडेसात लाखांच्या वर. म्हणून अमरेलीत विघा स्वस्त आणि इथे महाग असं कोणी सांगितलं तर आधी दोन्ही गुंठ्यात आणा आणि मग बोला. तिथले दहा विघे म्हणजे 160 गुंठे, बरोबर चार एकर. इथले दहा विघे म्हणजे 235 गुंठे, पाच एकर पस्तीस गुंठे.

1-38-12 आणि 0-79-67 वाचायचं कसं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण इथे शिकलेली माणसं चुकतात.

जुन्या उताऱ्यावर 1-38-12 म्हणजे एक एकर, अडतीस गुंठे, बारा आणे. मधली आडवी रेघ म्हणजे पॉइंट नाही. घड्याळात एक तास अडतीस मिनिटं झाली तर आपण 1.38 तास म्हणतो का? मिनिटं साठची, तसे गुंठे चाळीसचे आणि आणे सोळाचे. बारा आणे म्हणजे पाऊण गुंठा. म्हणजे एकूण 40 अधिक 38 अधिक पाऊण, 78.75 गुंठे, आणि मीटरमध्ये 7,967. धाकट्या भावाने 1.38 एकर धरले म्हणून 5,585 आले, म्हणजे एका रेघेपायी 2,382 मीटर गेले. आपला अख्खा एक विघा, बघा!

आताच्या सात-बारावर 0-79-67 असतं, त्यावर हे-आरे-चोमी लिहिलेलं असतं, म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. फ्रान्समध्ये 1795 साली मेट्रिक मापं ठरली तेव्हा जमिनीसाठी आर ठेवला, दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. हेक्टो म्हणजे शंभर, म्हणून हेक्टर म्हणजे शंभर आर, दहा हजार चौरस मीटर. इथे सगळं शंभराच्या पटीत आहे त्यामुळे रेघा काढून टाका आणि सरळ वाचा, 0-79-67 म्हणजे 7,967 चौरस मीटर. पण एक काळजी घ्या, मधला आकडा एकेरी असेल, म्हणजे 0-9-5, तर ते 95 होत नाही, 0-09-05 असं दोन-दोन घरं भरून घ्या म्हणजे 905 येईल.

आणि बघा जुना उतारा सांगतो 7,967, नवा सात-बारा सांगतो 7,967, दस्तावेजातले विघे-वसा सांगतात 7,965. सव्वातीन विघ्यांच्या वरच्या शेतात दोन मीटरचा फरक, आणि तोही राउंड केल्याने आलेला. मी हे ग्रुपवर टाकलं तेव्हा काकांनी पहिल्यांदा रिप्लाय दिला, की वडिलांनी कागद नीट ठेवले म्हणून हे दिसलं.

"पण गुंठा आणि आर एकच ना?"

जवळजवळ एकच, पण एक नाही. गुंठा 101.17, आर 100. बोलताना चालेल, एक-दोन गुंठ्यात काय जातंय. पण एकरभर जमिनीत हा फरक 46.86 मीटर होतो, म्हणजे 504 चौरस फूट, वन रूम किचन आरामात बसेल. वाटणीपत्रात गुंठे लिहिलेत की आर हे म्हणून दोनदा वाचा. जुन्या उताऱ्यावरचे गुंठे उचलून नव्या कागदात आरच्या रकान्यात तसेच लिहिले तर प्रत्येक गुंठ्यामागे सव्वा मीटरच्या आसपास जमीन कागदावरून उतरते.

"नेटवर कन्व्हर्टर आहे की, डोकं कशाला चालवायचं?"

वापरा ना, पण त्याला राज्य आणि जिल्हा कळतो का ते बघा. फक्त बिघा लिहिलेला असेल आणि कुठला ते विचारत नसेल तर तो आकडा तुमचा नाही. कन्व्हर्टर तपासायचा सोपा उपाय म्हणजे त्यात एक विघा टाकायचा आणि उत्तराला 101.17 ने भागायचं. साडेतेवीस आले तर वडोदऱ्याचा, सोळा आले तर सौराष्ट्राचा, पंचवीस आले तर तो उत्तरेतून आलाय. गुंठा, एकर आणि हेक्टर ह्यांना हा त्रास नाही, एकर आणि हेक्टर जगभर ठरलेले आहेत आणि आपला गुंठा एकराचा चाळीसावा भाग, वाराचीच लांबी 1959 मध्ये 0.9144 मीटर अशी कायमची ठरली आणि एकर वारावर उभा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉइंटनंतरचे आकडे. भावाच्या वेबसाईटने पॉइंटनंतर चार घरं दिली होती आणि त्यामुळे ते फार खरं वाटत होतं. पण मूळ दस्तावेजात माप वसापर्यंतच लिहिलंय, एक वसा 119 मीटरचा, म्हणजे लिहिणाऱ्याने अर्धा वसा इकडे-तिकडे सोडला असेल तर साठ मीटरचा फरक तिथेच पडला. पायलीने मोजलेले तांदूळ कोणी तोळ्यात सांगितले तर आपण विश्वास ठेवू का? जुनं माप जेवढं बारीक, तेवढंच बारीक उत्तर. आमच्या दस्तावेजातला आकडा दोन मीटरपर्यंत जुळला कारण मोजणीचा आकडा समोर ठेवून कोणीतरी त्याचे विघे केले असणार, प्रत्येक वेळी असं नशीब असेल असं नाही.

"मग सरकारने विघा बंदच का नाही केला?"

केलाच आहे, कागदावर. 1956 मध्ये वजनमापांचा कायदा आला आणि देशभर मीटर-किलो सुरू झाले, त्याच सुमाराला, 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आता 2009 चा लीगल मेट्रोलॉजी कायदा आहे, त्यातही व्यवहारात मेट्रिकच चालतं. पण माणूस ज्या मापात नांगरतो त्याच मापात विचार करतो. एका दिवसात किती नांगरून होईल, किती बियाणं लागेल, पाणी किती तास द्यायचं, हे सगळं आमच्या शेतावरच्या भागियाच्या, म्हणजे वाट्याने शेत कसणाऱ्याच्या, डोक्यात विघ्यात बसलंय. त्याला हेक्टरमध्ये सांगा म्हटलं तर तो सांगेल, पण आधी मनात विघ्यात मोजेल आणि मग भागेल. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. बोलण्यात विघा राहू दे, सही करायच्या कागदावर चौरस मीटर पाहिजे, आणि शक्य असेल तिथे बाजूला गुंठे.

भागायची सोय म्हणून हे लक्षात ठेवा, एका हेक्टरमध्ये वडोदऱ्याचे 4.2 विघे आणि सौराष्ट्राचे 6.2 विघे.

"मापणीत जमीन कमी निघाली म्हणजे कोणी चोरली का?"

असूही शकतं, नाकारत नाही, शेजारी दरवर्षी शेढा, म्हणजे बांध, एक-एक वीत सरकवतो हे सगळ्यांनी पाहिलंय. पण चोरीवर जायच्या आधी कागद बघा. रस्त्यात किंवा कॅनॉलमध्ये काही गेलं असेल तर त्याची नोंद कमी-जास्ती पत्रकात असते. पोटखराबा म्हणजे सर्व्हे नंबरातली न कसता येणारी जागा, ओढा, टेकाड, वाट, ती काही कागदांवर धरलेली असते आणि काहींवर वजा केलेली, एकूण आकडा बघताय की लागवडीचा ते तपासा. जुन्या मोजणीचं टिप्पण म्हणजे हाताने काढलेला शेताचा कच्चा नकाशा, त्यावर प्रत्येक बाजूची लांबी साखळी-आण्यात लिहिलेली असते, ती मिळाली तर सोन्यासारखी जपा. एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच, त्यावरून बांध स्वतः टेपने मोजून बघता येतो.

आणि दस्तावेजातली चतुःसीमा वाचा, उत्तरेला कोणाचं शेत, दक्षिणेला कोणती वाट. आकडा आणि चतुःसीमा जुळत नसतील तर कोर्टात साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन मिळतं, कारण आकडा लिहिताना चूक होऊ शकते, विहीर आणि वाट जागच्या जागी असतात. मोठा फरक असेल तर जमीन दफ्तर कार्यालयात पैसे भरून सरकारी मापणी मागवा, आणि मापणीच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा. घरी बसून कॅल्क्युलेटरवर हा प्रश्न सुटत नाही.

आम्ही गेल्या रविवारी सगळे शेतावर गेलो होतो, आत्याही अमरेलीहून आली होती. काकांनी तीस मीटरची टेप आणली, बांधाच्या कोपऱ्यापासून 10 मीटर 6 सेंटीमीटर मोजलं, ते 33 फूट होतात, चारी बाजूंना खुंट्या मारल्या आणि चुना टाकून चौकोन काढला, म्हणजे पोरांना एक गुंठा कसा दिसतो ते कळेल. पोरं लगेच त्यात पळायला लागली. आत्या बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत उभी होती, मग म्हणाली, "एवढासा? आमच्या विघ्यात असे सोळा बसतात."

काका टेप गुंडाळत म्हणाले, "इथे साडेतेवीस."